पहिलं प्रेम, साखरपुडा आणि अर्धा पाहिलेला सिनेमा

पत्राचा सारांश:

पत्रलेखिका सव्वीस वर्षांची आहे. मूळची सांगली जिल्ह्यातली, सध्या पुण्यात एका अन्न-तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. अकरावीत असताना दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या एका मुलावर तिचं प्रेम बसलं. तो शिकायला परदेशी गेला. आधी रोज, मग आठवड्याला, मग फक्त सणावारी असे त्याचे मेसेज येत राहिले आणि एक दिवस थांबले. ना भांडण, ना निरोप. आता तिचं लग्न ठरलंय. साखरपुडा झाला, कार्यालय ठरलं, केळवणं सुरू आहेत, लग्न फेब्रुवारीत. मुलगा बंगळूरला असतो. तो दिवाळीत पुण्याला आला तेव्हा दोघांनी ‘गुडबाय फर्स्ट लव्ह’ हा फ्रेंच सिनेमा लावला. ती रडत होती. तो अर्ध्यातच “हिला दुसरं काही काम नाही का?” असं म्हणाला आणि सोफ्यावर झोपून गेला. त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामवर जुन्या मुलाचा मेसेज आला, “डिसेंबरात येतोय, भेटशील?” तिने अजून उत्तर दिलेलं नाही. ती विचारते: “ताई, पहिलं प्रेमच खरं असतं का? सिनेमातल्या कामीयने शेवटी तडजोड केली, तशीच मीही करतेय का? मनात एक आणि लग्न दुसऱ्याशी, ही फसवणूक नाही का? ज्याला हा सिनेमा कळला नाही त्याला मी काय कळणार? मुलगा चांगला आहे, घरचेही चांगले आहेत. लग्नानंतर बंगळूरला जायचं, नोकरीचं तेव्हा बघू. मी त्या जुन्या मुलाला भेटू का? आईला सांगू का?”

प्रिय मैत्रिणी,

हा सिनेमा न पाहिलेल्यांसाठी आधी थोडी गोष्ट सांगते, कारण तुझे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत. मिया हान्सन-लोव या दिग्दर्शिकेचा हा तिसरा चित्रपट, २०११ सालचा. फ्रेंच नाव ‘अं आमूर द जनेस’. स्वतःच्या तरुणपणातल्या अनुभवांवरून तिने तो लिहिला, तेव्हा ती तिशीला टेकली होती. गोष्ट सुरू होते १९९९ मध्ये, पॅरिसला. कामीय पंधरा वर्षांची, सुलिव्हन एकोणीसचा. दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश भागातल्या तिच्या घरच्यांच्या जुन्या घरात दोघं सुट्टी घालवतात, नदीत पोहतात, भांडतात, पुन्हा जवळ येतात. मग तो मित्रांबरोबर दक्षिण अमेरिकेला निघून जातो. ती भिंतीवर नकाशा लावते आणि त्याच्या पत्रांवरून त्याचा प्रवास त्यावर टिपत राहते. पत्रं विरळ होतात, मग थांबतात. ती कोलमडते, इतकी की गोळ्या घेऊन दवाखान्यात पोहोचते. चार वर्षांनी ती आपल्याला आर्किटेक्चर शिकताना दिसते. तिथले प्राध्यापक लोरेन्झ, वयाने बरेच मोठे, हळूहळू तिच्या आयुष्यात येतात. आणखी काही वर्षांनी योगायोगाने सुलिव्हनची आई भेटते आणि सुलिव्हन परत येतो.

तू लिहितेस, शेवटी कामीयची टोपी नदीत वाहून जाते ते बघून तुला हुंदका आवरला नाही, कारण ‘ती हरली’. टोपी सुलिव्हनने घेऊन दिलेली होती, हे खरं. पण त्या नदीवर ती कोणाबरोबर आली आहे ते आठव. ज्या घरात पहिल्या प्रेमाचा उन्हाळा गेला, त्याच घरी ती लोरेन्झला घेऊन आली आहे. तडजोड म्हणून जगणारी बाई आपली सगळ्यात जपलेली जागा अशी उघडून दाखवेल असं मला वाटत नाही. टोपी जाते. तिच्या चेहऱ्यावर दुःख असेलही. पण सिनेमा तिला हरलेली म्हणत नाही, ते तू म्हणतेस. तो निकाल तुझा आहे, आणि तो तू कामीयवर नाही, स्वतःवर लावते आहेस.

आता तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या त्या वाक्याकडे येऊ. “हिला दुसरं काही काम नाही का?” तुला ते लागलं. मला मात्र हसू आलं, माफ कर. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल याहून नेमकं कुणी काही बोललं असेल असं वाटत नाही. खरंच, त्या मुलीला काही काम नाही. तिच्या दिवसात सुलिव्हनशिवाय काही नाही. प्रेमासाठीच आपण जगतो, असं ती सांगते, आणि समोरचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्या वजनाखाली गुदमरतो. तो पळून जातो हे वाईट, कसा पळतो हे त्याहून वाईट, पण का पळतो हे समजण्यासारखं आहे.

आणि सिनेमाचा जो दुसरा भाग तुझ्या त्या झोपाळू माणसाने बघितलाच नाही, तो नेमक्या त्याच प्रश्नाला उत्तर देतो. तिला काम मिळतं. ती रेखाटायला लागते, मॉडेलं करते, वर्गाबरोबर जर्मनीतल्या देसाऊला जाऊन बाउहाउस या कलाशाळेची इमारत बघते. वॉल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टने १९२६ मध्ये उभी केलेली ती काचेच्या भिंतींची शाळा. दिग्दर्शिका या भागात घाई करत नाही. प्रेमकथेत कुणी इतका वेळ इमारतींना देईल का? पण तिला दाखवायचंच ते आहे. कामीय सुलिव्हनला विसरून मोठी होत नाही. ती शेवटपर्यंत त्याला विसरत नाही. एवढंच होतं की आता त्याच्या आठवणीशेजारी तिचं स्वतःचं असं काहीतरी उभं असतं. लोरेन्झ तिला आवडतो तोही त्या कामातून. दोघं एकाच गोष्टीकडे बघत असतात. एकमेकांकडे बघणं नंतर सुरू होतं.

हे मी इतकं लांबवून सांगतेय, कारण तुझ्या पत्रात एक जागा मला खटकली. पहिल्या मुलाबद्दल दीड पान आहे: त्याची सायकल, एसटी स्टँडवर थांबणं, वहीच्या मागच्या पानावरची चित्रं. होणाऱ्या नवऱ्याबद्दल मोजक्या ओळी, त्यातल्या बऱ्याचशा तक्रारीच्या. आणि स्वतःच्या नोकरीबद्दल तीन शब्द: ‘नोकरीचं तेव्हा बघू.’

कोण बघणार, मैत्रिणी?

पत्राच्या एका कोपऱ्यात तू सहज लिहून गेली आहेस की दुधाचे नमुने आले की तुला लॅबमधून हलवत नाही, आणि नवीन आलेल्या दोन मुलींना तूच शिकवलंस. हे लिहिताना तुझं वाक्य सरळ चालतं, बाकी सगळीकडे ते अडखळतं. आणि नेमकं तेच तू फेब्रुवारीनंतर सोडून देणार आहेस, कुणी मागितलंय असंही पत्रात दिसत नाही. नवं शहर, भाषा ओळखीची नाही, मैत्रिणी इथे, आईवडील सांगलीकडे, आणि दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. मग संध्याकाळी तो ट्रॅफिकमधून नऊला घरी येईल आणि तू दार उघडशील. तेव्हा तू पुन्हा अकरावीतलीच मुलगी झालेली असशील, मेसेजची वाट बघणारी. फक्त माणूस बदललेला असेल. आणि त्या दिवसांत जुना मुलगा तुला आजच्या दसपट आठवेल, हे मी लिहून देते.

म्हणून तू मला दोन पुरुषांबद्दल विचारलंस तरी माझं पहिलं उत्तर तुझ्या नोकरीबद्दल आहे. राजीनामा देऊ नकोस. तुमच्या लॅबची बंगळूरला शाखा आहे का, बदली मिळते का, काही महिने बिनपगारी रजा मिळते का, हे एचआरला आत्ताच विचार. तसं नसेल तर तिकडच्या मान्यताप्राप्त अन्न-तपासणी लॅबना आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांना सीव्ही पाठवायला लाग. लग्न आणि नवी नोकरी यांत महिना-दोन महिन्यांचं अंतर पडलं तर बिघडत नाही, पण पुढे काय ते ठरलेलं असू दे. तुझ्यासारखं ‘लग्नानंतर बघू’ म्हणणाऱ्या अनेक जणींची पत्रं मला येतात, आणि त्यातल्या बहुतेक जणी ते पत्र लग्नानंतर चार-पाच वर्षांनी लिहितात.

आता सिनेमा न कळलेल्या माणसाबद्दल. ज्याला ही गोष्ट भिडली नाही तो आपल्याला कसा समजेल, असं तुला वाटतं. याच सिनेमातला एक प्रसंग तुझ्या नजरेतून निसटलाय. कामीय आणि सुलिव्हन एक सिनेमा बघून थिएटरबाहेर येतात. तिला तो मनापासून आवडलाय, तो मात्र वैतागलाय, नट कंटाळवाणे, नुसती बडबड, अशी त्याची कुरकुर चाललेली असते. म्हणजे जो तिचा प्राण होता त्यालासुद्धा तिचा सिनेमा कळला नव्हता! दिग्दर्शिकेने हा प्रसंग बहुधा स्वतःवरच हसत घातला असावा. आवडीनिवडी जुळणं छान असतं, पण ती कसोटी धरली तर सुलिव्हनही नापास होतो.

त्यापेक्षा मला हे कळायला हवं की तू रडत होतीस तेव्हा तुझा हा माणूस काय करत होता. त्याला दिसलं का? दिसूनही झोपला, की दिसलंच नाही? तू त्याला नंतर सांगितलंस का की ते वाक्य लागलं? पत्रात तसं काही नाही. तू रुसलीस आणि त्याला पत्ताच नाही, असा माझा अंदाज आहे. साखरपुड्यापासून आजवर तुम्ही कार्यालय, बस्ता आणि पाहुण्यांच्या याद्या याशिवाय कशाकशावर बोललात, तेही मला पत्रात सापडलं नाही. ‘चांगला आहे’ हे आपण सोसायटीच्या वॉचमनबद्दलही म्हणतो. लग्न करायचं तर त्याच्याबद्दल अजून दहा गोष्टी तुला माहीत हव्यात: तो चिडला की काय करतो, पैसे कसे खर्च करतो, त्याला कधी कुणी सोडून गेलंय का, बायकोची नोकरी त्याला हवी आहे की चालणार आहे. ‘हवी’ आणि ‘चालणार’ यांत पुष्कळ फरक आहे, तो नीट ऐकून घे.

‘मनात एक आणि लग्न दुसऱ्याशी’ हे वाक्य आपल्याकडे फार वर्षं फिरतंय आणि त्याने अनेक चांगल्या मुलींची झोप उडवली आहे. आठवण येणं ही फसवणूक नव्हे. सिनेमात आठ वर्षांचा काळ जातो, पण कामीयचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोला क्रेतों ही एकच अभिनेत्री करते आणि वय वाढल्याचा कसलाही मेकअप नाही. केस तेवढे बदलतात. कुणाला हा दोष वाटेल. मला वाटतं, आतून माणसाला असंच वाटतं. मेसेज वाजला की सव्वीस वर्षांची तू एका क्षणात सोळाची झालीस, त्यात अपराध कसला? फसवणूक सुरू होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे चॅट डिलीट करायला लागतो तेव्हा, ‘मैत्रिणीकडे जातेय’ असं सांगून कॅफेत जातो तेव्हा. कामीय ती पायरी ओलांडते, लोरेन्झपासून लपवून सुलिव्हनला भेटत राहते. सिनेमा तिला शिक्षा करत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण तिच्याकडे लोरेन्झबरोबरच्या वर्षांची साठवण होती आणि घरावर मांडव नव्हता. तुझ्या बाबतीत खोटं पकडलं गेलं तर ते दोघांपुरतं राहणार नाही, दोन्हीकडच्या काका-मामांपर्यंत जाईल.

आणि भेटीने काय साधलं तेही बघ. ‘एकदा भेटून विषय संपवते’ असं तू लिहिलंस. कामीयचा विषय भेटून संपला नाही, नव्याने सुरू झाला, आणि सुलिव्हन दुसऱ्यांदाही तसाच गेला, पत्र लिहून. तोंडावर निरोप घेणं त्याला जमतच नाही. तुझा तो जुना मुलगा सुलिव्हनच आहे असं मी म्हणत नाही. तोही तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता, परक्या देशात एकटा, आणि त्यालाही बोलायला शब्द नसतील. त्याला खलनायक करायची गरज नाही. पण मेसेज बघ: ‘येतोय, भेटशील?’ मधल्या वर्षांबद्दल एक अक्षर नाही. माझ्या मते उत्तर दे, कारण न दिलेलं उत्तर तुला रोज टोचेल. पण छोटं दे: ‘मी बरी आहे. फेब्रुवारीत माझं लग्न आहे. तू अचानक बोलणं बंद केलंस त्याचा मला खूप त्रास झाला होता, एवढं सांगायचं राहिलं होतं. आता भेटायचं नाही. तुझं चांगलं होवो.’ त्यावर तो काय लिहील ते लिहू दे, लगेच उत्तर द्यायचं बंधन तुझ्यावर नाही. एवढं लिहूनही भेटावंसंच वाटलं तर भेट, पण होणाऱ्या नवऱ्याला आधी सांगून, दुपारी, गर्दीच्या ठिकाणी. त्याला सांगायची हिंमत होत नसेल तर ती भेट कसली आहे हे तुला कळलेलंच आहे.

होणाऱ्या नवऱ्याला किती सांगायचं, हा प्रश्न मुलं आणि मुली दोघंही विचारतात. माझं मत असं, की आपण कोण होतो हे कळण्यापुरतं सांगावं. अकरावीत एक मुलगा होता, दोन-तीन वर्षं चाललं, तो न सांगता गेला, मला बराच काळ जड गेलं, आता त्याचा मेसेज आलाय आणि मी हे उत्तर दिलंय. बस. सायकल आणि वहीतली चित्रं तुझी आहेत, ती वाटायची गरज नाही. फोनवर नको, समोर बसून सांग, आणि पत्रिका छापायला जायच्या आत. तो चिडेल, गप्प होईल किंवा ‘माझीपण एक होती’ म्हणेल. काहीही झालं तरी त्या दहा गोष्टींपैकी चार-पाच तुला त्या एका संध्याकाळी कळतील. सांगितल्यावर त्याने तुझा फोन तपासायला मागितला, तर मात्र मला पुन्हा पत्र लिही, लग्नाच्या आधी.

एक कठीण प्रश्न मी टाळू शकत नाही. हा मेसेज आलाच नसता तर तू फेब्रुवारीची वाट आनंदाने बघत होतीस का? हो असेल तर वर लिहिलेलं पुरेसं आहे. नसेल, तर अडचण जुन्या मुलाची नाहीच, या लग्नाचीच आहे, आणि ते थांबवायला जुन्या प्रेमाचं कारण शोधू नकोस. ‘मला अजून वेळ हवाय’ हे वाक्य पूर्ण आहे. कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स बुडेल, चार नातेवाईक बोलतील, आई दोन दिवस जेवणार नाही. हे सगळं खरं आहे आणि भरून येणारं आहे.

या पत्राच्या निमित्ताने घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलं असलेल्या वाचकांना दोन ओळी. ‘हे वय असंच असतं’ म्हणून हसू नका. त्या वयात सोडून जाणारा माणूस सगळं जग घेऊन जातो असंच वाटतं, कामीयला वाटलं तसं. खाणं-झोपणं सुटलं, निकाल अचानक घसरला, ‘मी नसले तर’ अशी भाषा आली, तर वाट बघू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि फ्रान्समधली गोष्ट बघताना हेही मुलांशी मोकळेपणाने बोला, की आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतली मुलगी बालक धरली जाते आणि तिची संमती कायदा मानत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलालाही हे ठाऊक असलेलं बरं.

राहिला आईचा प्रश्न. तुझी आई कशी आहे ते तूच जाणतेस, पण पत्रावरून ती घाबरट पण समजूतदार वाटते. तिला मेसेजबद्दल आत्ता सांगून काही साधणार नाही, ती रात्रभर जागी राहील आणि सकाळी तुझ्या मावशीला फोन करेल. नोकरीचं मात्र तिला आजच सांग, की मी काम सोडणार नाही आणि बंगळूरला शोधतेय. ते सासरी कुणी काढायच्या आत तिच्या तोंडून गेलं तर बरं.